जामीन ठेवून चढायचा डोंगर

बर्फाच्या डोंगरात चालायला जायचं ठरवलं, तर सगळ्यांत आधी कुणाची परवानगी लागते? आईवडिलांची? डॉक्टरची? मला लागली कंपनीच्या तिजोरीची, कारण माझा पासपोर्ट तिच्यात होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अबुधाबीतल्या एका बांधकाम कंपनीत मी ड्राफ्टिंगचं काम करत होते. पंचविशीही गाठली नव्हती. लहानपणी आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त असत. आई हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापून आणायची आणि मी घड्या घालता घालता ती वाचायची. अबुधाबीत पत्रकं वाटण्याचा प्रश्नच नव्हता. सपाट शहर, सपाट समुद्र, ऑफिस ते खोली आणि खोली ते ऑफिस. मला बसवेना. मी पेरूतल्या अँडीजचे नकाशे जमवायला लागले.

त्यात मला सामील झाले शेजारच्या टेबलावरचे काका. मूळचे पुण्याचे, ऑफिसात क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाच्या मालाची मापं आणि खर्च काढणारे. कॉलेजात असताना सह्याद्रीतले बरेच गड त्यांनी पायी पालथे घातले होते, पण पुढे एक गुडघा कायमचा गेला. शुक्रवारी त्यांच्याकडे जेवण झालं, की काकू टेबल पुसायच्या आणि आम्ही त्यावर नकाशा पसरायचो. कुठल्या खिंडीआधी मुक्काम करायचा, विरळ हवेची सवय व्हायला किती थांबायचं, यावर काका तासन्‌तास वाद घालायचे. त्यांची तिथंच वाढलेली मुलगी टीव्हीवरची नजर न काढता विचारायची, “बट बाबा, देअर इज नो रोड?” काका म्हणायचे, “म्हणूनच जायचं, बाळा.”

सरावासाठी मी सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून आमच्या इमारतीचे जिने चढायची. सॅक बघितली की शेजारीण दर वेळी विचारायची, आज परत लिफ्ट बंद का.

सुट्टी मंजूर झाली. पेरूच्या व्हिसासाठी पासपोर्ट कुरिअरनं दुसऱ्या देशातल्या वकिलातीकडे पाठवावा लागणार होता. तो मागायला मी कंपनीच्या पीआरओकडे गेले. सगळ्यांचे व्हिसे आणि पासपोर्ट त्याच्याच ताब्यात असत. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला आणि हसत म्हणाला, “किसी एक को गॅरंटर ले आओ, खलास.”

हा रिवाज मी ऐकून होते, माझ्यावर वेळ आली नव्हती इतकंच. ऑफिसातल्या कुणीतरी जामीन म्हणून सही करायची. मी परत येईपर्यंत त्याचा पासपोर्ट काही झालं तरी तिजोरीतून निघणार नाही. म्हणजे मी डोंगरात मोकळी, आणि माझ्या बदली दुसरा माणूस अडकलेला. याला सगळे ‘मदत’ म्हणत.

मी काही बोलायच्या आतच काकांना कळलं होतं. त्यांनी पेन काढून ठेवलं होतं. मी नको म्हटलं, तर ते म्हणाले, तू परत येणारच आहेस, मग अडचण कुठे आहे.

अडचण काकूंनी सांगितली. त्या शुक्रवारी मला स्वयंपाकघरात बोलावून त्यांनी दार लोटून घेतलं. पुण्याला काकांची आई अंथरुणाला खिळली होती, फोन वाजला की घर दचकत होतं. काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “तू तिकडे बर्फात असशील. इथं फोन आला तर हे जाणार कसे, ते तूच सांग.”

बाहेर काका नकाशावर पेन्सिलनं पाणवठे काढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले. पासपोर्टवरच छापलेलं आहे की तो भारत सरकारच्या मालकीचा आहे, मग तुमच्या तिजोरीत कसा, असं विचारलं. जामीन देणार नाही, पासपोर्ट मात्र हवा आहे, हेही सांगितलं. तो चिडला नाही. त्याच्या मते नियम सगळ्यांना सारखा होता. जामीन नसेल, तर मी सुट्टी अबुधाबीतच घालवावी. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला.

सुट्टी मी अबुधाबीतच काढली.

मला वाटलं होतं, काकांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण ते माझ्याशी बोलेनात. टेबलं शेजारी, नजर मात्र कॅल्क्युलेटरवर. शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, “तुझं तत्त्व बरोबर आहे गं. पण मला तेवढंच करता येणार होतं. गुडघा तर चालत नाही.”

त्यांना त्या डोंगरात जायचा तेवढा एकच मार्ग होता, आणि तो मी बंद केला होता. तरीही आज पुन्हा विचारलं, तर मी सही नकोच म्हणेन. ज्याच्या भल्या मनावर कंपनीचं कुलूप चालतं, त्याच्याच मनाला सांभाळायचं म्हणून ते कुलूप मान्य करायचं का? काकांनी रागवावं, पण त्यांना आईकडे जाता यायला हवं. त्यांच्या रागाशी माझं अजून भांडण चालू आहे. तो डोंगर मी अजून पाहिलेला नाही, आणि एका जागी बसणं मला अजून जमत नाही.

तुम्ही आखातात नोकरी करत असाल, तर एक करा. तुमच्यासाठी जामीन राहायला कुणी प्रेमानं पुढे आलं, तर त्याचा हात धरा, पण सही करू देऊ नका. त्याला घेऊन त्या तिजोरीपुढे जा आणि दोघांचेही पासपोर्ट मागा.