डोंग्यावर फोडलेला नारळ

न ठोकता एखाद्या वस्तूवर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख असतो, असं आमच्या साडभाऊंचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी जन्मभर पाळलं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जानेफळला त्यांची शेती आणि घराच्या ओट्यावर लहानसं किराणा दुकान. खिशात कायम पितळी अडकित्ता, पण त्यानं सुपारी कातरताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्याच्या मुठीनं ते टरबूज ठोकत, माठ ठोकत, नव्या घराच्या भिंती ठोकत, आणि बसण्याआधी एसटीसुद्धा ठोकत. एकदा कंडक्टर वैतागला. "काऊन हो, गाडी फोडता का?" साडभाऊ शांतपणे म्हणाले, "नाई बा, कशी बोलते ते पाहून राह्यलो." माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मला पारखायला यांनाच पाठवलं होतं. पोहे संपवून ते माझ्या मागे आले, बोटाच्या पेरानं पाठीवर दोनदा ठोकलं आणि परत जाऊन सासऱ्यांना सांगितलं, "भरीव हाये. पोरगी द्या." माझ्या नोकरीबद्दल पुढे कोणी विचारलंच नाही.

त्यांची एकुलती एक लेक पलीकडच्या गावात दिली होती. लग्न झालं तेव्हा मध्ये फक्त एक नाला होता; सकाळी केलेली भाजी गरम असतानाच तिच्याकडे पोचायची. मग धरण झालं, नाल्याचा तलाव झाला आणि पायवाट पाण्याखाली गेली. वळसा घालून बैलगाडीनं जायचं तर दिवस मोडायचा आणि हाडंही. त्याच वर्षी लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात आणायचं आणि आठवा लागला की हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सातवा संपत आला होता, आणि त्या खाचखळग्यांतून सुनेला धाडायला व्याही तयार नव्हते. साडभाऊंचा जीव टांगणीला लागला होता. अशा वेळी दोन्ही गावांसाठी सरकारी डोंगा, म्हणजे लहान होडी, आली. पांढराशुभ्र, फायबरचा. साडभाऊंनी त्याला गावात पोचायच्या आधीच ट्रकवर चढून ठोकलं. "काय बोलते हो हा! मंदिरातल्या घंटेवानी!" असं ओरडत ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी दसरा. औतं, गाड्या, मोटारपंप यांच्याबरोबर डोंग्याचीही पूजा झाली. मान अर्थातच साडभाऊंचा. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या लोखंडी आकड्यावर नारळ फोडतात, तसाच तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून डोंग्याच्या नाकावर हाणला. नारळ फुटला. टाळ्या झाल्या. पाणी ओघळलं तसं पांढऱ्या अंगावर चांदणीसारख्या बारीक रेघा उमटलेल्या दिसल्या, आणि टाळ्या थांबल्या. संध्याकाळपर्यंत पलीकडून निरोप आला: फुटक्या डोंग्यात आमची सून बसणार नाही.

साडभाऊ जेवले नाहीत. पण सकाळी मला उठवायला आले ते डोळे चमकवतच. "चला साडभाऊ, त्याले इचारू, कुठं दुखून राह्यलं!" डोंगा कडुनिंबाखाली पोत्यांवर पालथा घातला. घुंगुरमाळा घातलेले बैल लांब नेले, बिड्या ओढणाऱ्यांना खोकायची बंदी केली. साडभाऊंनी डोंग्याला कान लावला आणि अडकित्ता चालू केला. खण्ण. खण्ण. खण्ण. नाकाजवळ आले, आणि बद्द! तिथे खडूची खूण. असं करत करत भाकरीएवढं एक वर्तुळ तयार झालं. "एवढंच दुखनं!" ते उडी मारून ओरडले. "बाकी गडी ठणठणीत हाये!"

डोंग्याबरोबर दुरुस्तीचं सामान आलंच होतं: काचेच्या धाग्यांचं कापड, डब्यात मधासारखं दाट रसायन आणि ते घट्ट करायच्या औषधाची एक बाटली. बरोबरच्या सूचना वाचायचं काम माझ्याकडे. आम्ही तडे खरवडून काढले, भोवती उतार देऊन पॉलिशपेपरनं घासलं, पुसून कोरडं केलं. बाटलीतले थेंब अगदी बेतानं टाकावेत, उन्हात तर आणखी कमी, असं मी वाचून दाखवलं. "लेकीचा मामला हाये, हात आखडता काऊन घेता?" म्हणत साडभाऊंनी भर दुपारी पातेल्यातल्या रसायनात अर्धी बाटली ओतली. घडीभरात पातेलं तापलं, धूर निघाला. "पेटलं बे, पेटलं!" करत साडभाऊ पळाले. धूर निवला तेव्हा रसायनाचा दगड झाला होता आणि ढवळायची काडी त्यात उभी. पातेलं मेव्हणीचं, म्हणजे साडभाऊंच्या बायकोचं होतं. ती एवढंच म्हणाली, "आता हे बी ठोकून पाहा."

दुसऱ्या सकाळी उन्हं चढायच्या आत पुन्हा सुरुवात केली. या वेळी थेंब मी टाकले. लहान तुकडा, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. ब्रशनं दाबून बुडबुडे काढले. आता वाळेपर्यंत ठोकायचं नाही, असं मी बजावलं. बिचारे दिवसभर डोंग्याकडे पाठ करून, दोन्ही हातांवर बसून राहिले. तिसऱ्या सकाळी त्यांनी ठोकलं, आणि खण्ण! त्या आनंदात त्यांनी मला ठोकलं, सरपंचांना ठोकलं, शेजारच्या म्हशीलाही ठोकलं. व्याह्यांची खात्री पटावी म्हणून त्यांना मुद्दाम रस्त्यानं बोलावलं. त्यांच्यासमोर डोंगा लाकडांवर सुलटा ठेवून आत पाणी भरलं आणि ठिगळावर बाहेरून राख फासली. राख तासभर कोरडी राहिली. व्याह्यांनी स्वतः बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली.

लेकीला आणायला मीही गेलो होतो. परतताना साडभाऊ नाकाशी बसले आणि ठिगळावर आतून तळहात दाबून धरला. लेक हसली. "बाबा, हात काढा ना. पानी नाई येत."

"नाई येत, मले ठाऊक हाये. पन राहू दे, माय."

काठ लागेपर्यंत तो हात तिथेच होता. दिवस भरल्यावर नात झाली. तिच्या इवल्याशा पाठीवर त्यांनी एका बोटानं, अगदी हलकेच, ठोकलं.

खूप वर्षांनी मी त्यांना चिखलीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर छातीवर बोटं ठेवून ठोकू लागले तसे साडभाऊ एकदम खुलले. "पाह्यलं का? हे बी आपल्यातलेच निंघाले!" मग जरा थांबून विचारलं, "काय म्हन्ते हो? बद्द?" डॉक्टर मान खाली घालून चिठ्ठी लिहू लागले. साडभाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली, एखाद्या बाद टरबुजाबद्दल हलवावी तशी.

आता तिथे पूल झाला आहे. डोंगा काठावर पालथा पडलेला असतो, ठिगळ पिवळं पडलंय. जानेफळला गेलो की मी तिकडे चक्कर मारतो आणि बोटाच्या पेरानं ते ठिगळ ठोकतो. अजून खणखणीत वाजतं. दर वेळी मी उत्साहानं मागे वळतो, आणि मग आठवतं की हे ज्याला सांगायचं होतं तो माणूस राहिला नाही.