हळदीचा ड्रोन आणि आमचं अंगण

कुंपणाच्या आत माणूस सार्वभौम असतो, असं बाबा म्हणत. ठाकुर्लीतल्या आमच्या कुंपणाच्या आत पेरूचं एक झाड आणि पाण्याची टाकी होती. केमोथेरपी सुरू झाल्यावर आई तिथे रुमाल काढून सकाळच्या उन्हात बसायची. तिचं केस गेलेलं डोकं बाबांनी आणि मीच काय ते पाहिलं होतं.

एके दिवशी शेजारच्या हळदीचं चित्रीकरण करणारा ड्रोन मांडव सोडून आमच्या पेरूवर येऊन थांबला. आईने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. बाबा आतून छत्री घेऊन धावले आणि तिच्यावर धरून उभे राहिले. मी कुंपणापाशी जाऊन ओरडलो, तशी नवरदेवाची आई हळदीच्या हातांनीच आली.

"मेल्याला नवरा दाखवायला आणलाय, नि हा इकडं काय बघतो! वहिनी, तुम्ही दिसलात तर तेवढं कापायला लावते, आईशपथ."

ड्रोन गेला, तरी बाबा छत्री मिटेनात.

"अहो, मिटा आता," आई म्हणाली. "ऊन खायला बसलेय मी."

शेजारणीने शब्द पाळला. हळदीच्या व्हिडिओत आई कुठेही नाही. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतले बाबा आहेत, गाण्यासकट.