बिबट्याची तीट

बोरीवलीच्या आमराई कॉलनीत वनमाला घाडीगावकर यांची दोन कामं ठरलेली होती. गुढीपाडव्याला मुलांच्या मैदानात मोठी रांगोळी घालायची आणि वर्षभर ज्याची त्याची दृष्ट काढायची. पहिल्या कामाचा त्यांना गर्व होता. दुसरं आडनावामुळे गळ्यात पडलेलं. घाडी म्हणजे कोकणात देवापुढे गाऱ्हाणी घालणारे, भुताखेतांना दटावणारे. तेव्हा घाडीगावकरांच्या सुनेच्या हाताला गुण असणारच, असं कॉलनीने परस्पर ठरवून टाकलं. बाळ रडलं, नवी गाडी खरचटली, दहावीतली मुलगी जेवेना, की वनमालाबाईंना हाक. बाई मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरून दमून यायच्या, तरी पदर खोचून जायच्या.

रांगोळी मात्र त्यांची स्वतःची. गेरूने सारवलेल्या जमिनीवर पाचही बोटांतून रांगोळी सोडत त्या उकिडव्या बसून मागे मागे सरकत जायच्या. पाडव्याला सगळी कॉलनी गॅलरीत उभी राहून बघायची, आणि दुपारपर्यंत पोरं क्रिकेट खेळून तिचा पार चुथडा करायची. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. रांगोळी पुसली जायचीच.

वाईट वाटलं ते रेवती आल्यावर.

रेवती ही बी विंगमध्ये भाड्याने राहायला आलेली, चित्रकलेचं शिकलेली मुलगी. मैदानाची डागडुजी निघाली, नव्या घसरगुंड्या आल्या, जमिनीवर रबराच्या लाद्या बसल्या आणि मागच्या लांबलचक भिंतीवर चित्र काढायचं काम सेक्रेटरी शरच्चंद्र राऊळांनी रेवतीला दिलं. उद्घाटन पाडव्याला.

“आणि रांगोळी?” वनमालाबाईंनी विचारलं.

“वहिनी, रबरावर रांगोळी कुठली धरायला? आणि आता भिंतच एवढी झकास होणार ना! कायमचं काम.”

‘कायमचं’ हा शब्द बाईंच्या पोटात गेला तो तिथेच बसला. इतकी वर्षं गुडघे झिजवून आपण घातलं ते दुपारी पायाखाली, आणि कालच्या पोरीचं राहणार! मैदानात आपली म्हणून एक खूणही उरणार नाही.

रोज भाजीच्या निमित्ताने त्या भिंतीसमोरून जायच्या. चित्र वाईट असतं तर त्यांना दोन घास जास्त गेले असते. पण ते चांगलं होतं, हीच तर आग होती. नॅशनल पार्कातून येऊन आडवा व्हावा तसा एक भलाथोरला बिबट्या भिंतभर पसरून झोपला होता. पाठीवर माकडं, शेपटीवर पोपट. ‘काय हात आहे गं तुझा’ असं बाईंना म्हणणाऱ्या बायका आता रेवतीला चहा नेऊन देत होत्या. शेजारची सोनूबाई तर घावणे घेऊन गेली. घावणे! रांगोळी घालताना बाईंना तिने कधी पाण्याचा पेला विचारला नव्हता.

पाडवा तोंडावर आला होता. रेवती स्टुलावर उभी राहून बिबट्याचा एक कान रंगवत होती. एका फटकाऱ्यात, न खोडता. बघता बघता बाईंच्या तोंडून निघून गेलं, “मेलीचो हात मोडांदे.”

दुसऱ्याच दिवशी रेवती स्टुलावरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

सोनूबाई धावत आली. “वनमाला, चल गं लवकर. पोरीला नजर लागलीय. एवढी चांगली भिंत, लागणारच!”

बाईंना कालचे आपलेच शब्द आठवले. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्या गेल्या. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेल्या रेवतीवरून त्यांनी मूठ ओवाळायला सुरुवात केली. “आल्यागेल्याची, वाटेवरची, शेजारणीपाजारणीची...” मग “माझी,” असं ओठांतल्या ओठांत म्हणून त्यांनी मूठ तापलेल्या तव्यावर टाकली.

मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या, घरभर धूर झाला. पण कोणाला साधा ठसका लागला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर, हे सगळ्यांना माहीत.

“अगं बाई, केवढी ती नजर!” सोनूबाईने गालावर हात ठेवला. “कोणाची असेल गं?”

“असेल कोणाची तरी,” म्हणून बाई तवा घेऊन मोरीत गेल्या. तिथे त्यांना रडू फुटलं. लाज वाटत होती आणि रागही येत होता, कारण एवढं होऊनही हेवा काही गेला नव्हता.

त्या बाहेर आल्या तेव्हा रेवती म्हणाली, “काकू, बिबट्याची पण काढा ना. एक कान राहिलाय, तो डाव्या हाताने करीन. पण आता भीती वाटते.”

“त्याला तीट लावते. बाळाला लावतात तशी.”

“त्याच्या अंगभर ठिपके,” सोनूबाई हसली. “त्यात तुझा कुठला कळणार?”

हे बाईंना झोंबलं. त्या तडक मैदानात आल्या. कमरेला काजळाची डबी होती, पण काजळ पुसलं जातं. भिंतीखाली रेवतीचे रंगाचे डबे होते. बाईंनी काळ्या रंगात अंगठा बुडवला आणि बिबट्याच्या पांढऱ्या हनुवटीवर, जिथे एकही ठिपका नव्हता, बरोबर मधोमध दाबला. गोल फिरवून तो रुपयाएवढा केला. जरा थांबून पुरीएवढा केला. दृष्टीसाठी एवढ्या मोठ्या तिटेची गरज नव्हती, हे त्यांना चांगलं कळत होतं.

पाडव्याला नारळ फुटला, भाषणं झाली, रेवतीला शाल मिळाली. बाईंचं नाव कोणी घेतलं नाही. संध्याकाळी पोरं लपाछपी खेळायला उतरली. झोपलेल्या बिबट्याची हनुवटी नेमकी त्यांच्या उंचीची. ज्याच्यावर राज्य आलं त्याने काळ्या ठिपक्यावर कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून तीच जागा ठरली. आयासुद्धा पोरींना सांगू लागल्या, “ठिपक्यापाशी थांब गं, आलेच मी.” माकडं आणि पोपट बघायला कोणाला सवड उरली नाही.

प्लास्टर निघाल्यावर एका संध्याकाळी रेवती बाकावर बाईंच्या शेजारी येऊन बसली. समोर पोरं ठिपक्याला हात लावायला एकमेकांना ढकलत होती.

“काकू, किती राबले मी त्या भिंतीवर,” ती म्हणाली. “आणि सगळ्यांना ठाऊक काय, तर तुमचा ठिपका.”

ती हसली खरी, पण तिची नजर ठिपक्यावरून हलेना. बाईंनी ती नजर लगेच ओळखली. त्या पदर खोचून उठल्या.

“कुठे चाललात, काकू?”

“मीठ-मोहऱ्या आणते.”

“कोणाची काढायचीय?”

“ठिपक्याची,” बाई म्हणाल्या.