मॅटवरून ओढून आणलेली पोरगी

माझी पोरगी कराटे खेळायची, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तिनं ते का सोडलं, हे मात्र मी सांगितलं तेवढंच माहीत आहे. आणि मी खोटं सांगितलं होतं.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. निलंग्याकडच्या आमच्या गावात निम्मी घरं माझ्या हातची. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर मातीचं माळवद. भूकंपात असल्याच एका भिंतीखाली माझी आई गेली, धाकटं पोर गेलं. पाच वर्षांची पोरगी तेवढी पायाला धरून दगडांतून ओढून काढली. मग मी, बायको आणि ती असे तिघं लातूरला आलो, पत्र्याच्या घरात राहिलो. शहरात क्लासेसचं पेव फुटलं होतं, गल्लोगल्ली होस्टेलं उठत होती. कामाला तोटा नव्हता. दिवसभर दुसऱ्यांसाठी स्लॅब टाकायचो, पण स्वतः स्लॅबखाली पाठ टेकायचो नाही. बायको म्हणायची, "तुमच्याच हातचा हाय की!" मी म्हणायचो, "म्हणूनच."

पोरीला कराटेचा नाद शाळेत लागला. शिकवणारे सर एका इमारतीच्या तळघरात वर्ग घ्यायचे. मी जाऊन छत बघितलं आणि सांगून टाकलं, "हितं माझी पोरगी येणार न्हाई. उघड्यावर शिकवा."

सर चिडले. "काका, बाकीच्या पोरी येतातच की."

"त्यांच्या बापांनी बघितलं न्हाई. मी बघितलंय."

पोरगी चांगली होती, सरांना सोडवेना. आठवड्यातले तीन दिवस त्यांनी अख्खा वर्ग शाळेच्या मैदानावर आणला. मुरमावर पोरींचे तळपाय सोलून निघायचे आणि सगळ्या माझ्या नावानं खडे फोडायच्या. मला मात्र आपला शब्द राहिला याचा लई गुमान होता.

सरांकडं स्पर्धांच्या सीड्या होत्या. त्यातल्या एकीत इंडोनेशियाची एक मुलगी होती, आमच्या पोरीच्या वयाची, तिच्याच वजनाची. बुटकी, शांत. समोरची अंगावर धावून आली की ही अर्धंच पाऊल मागं सरायची आणि तिथूनच ठोसा द्यायची. आमच्या पोरीनं शेजारणीच्या घरी ती सीडी इतक्यांदा लावली की शेजारीण म्हणाली, "अगं, ही तुझी कोण लागती गं?"

"जोडीदारीण हाय माझी, काकू."

पुढच्या वर्षी आशियातल्या मुलींची स्पर्धा इंडोनेशियातच व्हायची होती. राज्याच्या निवडीत पहिलं आलं तर शिबिर, शिबिरातून संघ. पोरगी मला म्हणाली, "आबा, हरले तरी चालंल. पण एकदा तिच्यासमोर उभं राहायचंय." तिनं तोंड उघडून माझ्याकडं दुसरं कधी काही मागितलं नव्हतं.

निवड नांदेडला, एका मोठ्या हॉलमध्ये होती. मी अशा ठिकाणी कधी जात नसे. त्या दिवशी तीच म्हणाली, "आबा, तुम्ही पण या." मी दाराजवळची खुर्ची धरली. पहिल्या लढती तिनं सहज मारल्या. शेवटच्या लढतीत दोन गुणांनी पुढं होती, वेळ थोडाच उरला होता. समोरची मुलगी नांदेडचीच. तिच्या शाळेच्या पोरी वरच्या गॅलरीत बसलेल्या. त्यांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटायला सुरुवात केली, सगळ्यांनी मिळून, एका ठेक्यात. आधी माझ्या तळपायांना कळलं, मग खुर्चीला. वरचा पंखा हलला. आवाज तोच होता, जमिनीच्या पोटातून येतो तो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. "भाईर पळा!" म्हणून मी ओरडलो, मॅटवर शिरलो, पोरीचं मनगट धरलं आणि ओढलं. ती किंचाळत होती, "आबा, सोडा! काई न्हाई झालं, आबा!" मी तिला पार बाहेर आणूनच सोडलं. बाहेर ऊन होतं. गाड्यावर लोक चहा पीत उभे होते. त्यातला एकजण आमच्याकडं बघून दुसऱ्याला म्हणाला, "काय झालं रं ह्यांना?"

पोरगी मनगट सोडवून आत पळाली. तोवर पंचांनी निकाल दिला होता. मुलगी मॅट सोडून गेली, लढत दुसरीला. सर हात जोडत होते, "भूकंपातला माणूस आहे साहेब, समजून घ्या."

"समजतं हो, पण नियमात कसं बसवू?"

मी शेजारीच उभा होतो. चुकलं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तुमच्या छताचं काम कच्चं हाय."

पोरीच्या खेळाचं काय झालं म्हणून गल्लीत पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "बारावी आली. मीच सोडवलं. खेळात काय ठिवलंय?" लातुरात या उत्तरावर पुढं कुणी काही विचारत नाही. लोकांनी मान डोलावली, एकदोघांनी शाबासकी दिली. पोरगी नळावर पाणी भरत होती. तिनं ऐकलं आणि घागर उचलून आत गेली. त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. मी क्लासला तिचं नाव घातलं. डॉक्टर काही झाली नाही. आता रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, दोन गल्ल्या सोडून तिचं घर आहे.

मागच्या महिन्यात शेजारचे निवृत्त गुरुजी आले. त्यांची नात कराटे खेळते. विभागाची स्पर्धा देगलूरला होती आणि तेव्हाच क्लासची परीक्षा. गुरुजी म्हणाले, "नात ऐकत नाही. तुम्हीच समजावा. तुम्ही कसं वेळेवर सोडवलं!"

माझी पोरगी माझ्या गोळ्या घेऊन आली होती. दारातच थांबली.

मी सगळं सांगितलं. फळ्या, पंखा, मनगट. गुरुजी म्हणाले, "म्हणजे अभ्यासासाठी नव्हतं?"

"न्हाई. मी भ्यालो. अन् भ्यालो म्हणायची लाज वाटली."

"असू द्या हो. शेवटी चांगलंच झालं की."

"कुणाचं, गुरुजी?" पोरगी म्हणाली.

गुरुजी चपला शोधायला लागले. ते गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. "सीडीतली ती माझी जोडीदारीण त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरली, आबा. घरच्या लोकांसमोर. मग दोनदा हरली. मग पदक घेतलं. मी वाचनालयात जाऊन पेपरात शोधायचे."

"बोलली न्हाईस कधी."

"तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होता. मी बोलले असते तर बाप खोटा पडला असता." गोळ्यांची पट्टी तिनं टेबलावर ठेवली. "खरं सांगितलं ते बरं केलं. पण गुरुजींना सांगितलंत तुम्ही. मला न्हाई."

माफी मागायची सोडून मी पट्टीतल्या गोळ्या मोजत बसलो.

गुरुजींनी नातीला परवानगी दिली, पण सोबत जायला कुणी नव्हतं. पोरीनं लॅबमधून सुट्टी काढली. रविवारी सकाळी ती त्या मुलीची बॅग खांद्याला लावून आमच्या दारावरून निघाली. मी टोपी घालून उंबऱ्यात उभाच होतो.

"मी बी येऊ का?"

ती थांबली. चिडलेली नव्हती. "न्हाई, आबा," ती म्हणाली. "तुम्ही घरीच बसा."

दोघी कोपऱ्यावरून वळल्या. मी टोपी काढली.