शंभर कॅलरीला किती?

लाकडी घाण्यावर किस्से गोळा करायला लागत नाहीत. तेल आपलं हळूहळू गळत असतं, माणसं बाकड्यावर बसलेली असतात, आणि बसलेला माणूस गप्प राहत नाही. माझा घाणा मलकापुरात. बाकडं माझं, चहा माझा, आणि शब्दही माझाच चालायचा. करडी घ्यावी का शेंगदाणा, सगळा गाव मला विचारायचा.

मग सुभेदार रिटायर होऊन आला! शाळेत माझ्याच बाकावर होता. तो भरती झाला त्या साली मी लग्न करून वडलांच्या घाण्यावर बसलो. अठ्ठावीस वर्षांनी परत आला आणि आठवड्यात बाकडं त्याचं झालं. खोटं कशाला बोलू, जळतो मी त्याच्यावर.

*

पहिल्याच दिवशी त्यानं पिशवीतनं मटारचा टिन काढला, चष्मा लावला आणि लेबल वाचलं.

"वजनावर जाऊ नगा. शंभर कॅलरीला काय मिळतं ते बगा. मटार घेतला तर मोठी वाटीभर. प्रोटीन हाय, फायबर हाय, पोट भरतंय. तेल घेतलं तर दोन चमचे! प्रोटीन शून्य, फायबर शून्य."

मी म्हटलं, "आरं पण माझं घाण्याचं हाय!"

"घाण्याचं असू दे न्हाईतर पिशवीतलं. ग्रॅमला नऊ कॅलरी. तेलात जातपात नसती गड्या!"

बाकडं हसलं. माझ्याच चहाचे कप हातात धरून हसलं!

*

पुढच्या आठवड्यात मुल्लाचाची किटली घेऊन आल्या. "शंभर कॅलरी तेल दे रं."

जन्मभर किलोनं मोजत आलो, पण गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं? दोन चमचे घातले. चाचींनी किटलीत वाकून बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"या अल्ला! मग आमी पाच किलोचा डबा नेतोय, त्यात किती असत्यात?"

मी सांगितलं नाही. मला धंदा करायचाय.

*

बाबू पैलवानाची कुस्ती सुटली, खाणं सुटलं नाही. सुभेदार त्याला म्हणाला, "पैलवान, कॅलरी कट करा."

आता आमच्याकडं कट म्हणजे मिसळीवरचा लालभडक तेलाचा तवंग. पैलवान तडक मिसळीच्या गाड्यावर. "कट घाल. अजून घाल. सुभेदारानं कॅलरी कट सांगितलाय!"

महिन्याभरात शर्टाची बटणं लागेनात. मला वाटलं, आता फजिती झाली सुभेदाराची! पेढेच वाटणार होतो. पण पैलवान बाकड्यावर बसून काय म्हणाला?

"सुभेदाराचं बरोबरच हाय. त्या मिसळवाल्यालाच कट जमत न्हाई!"

*

शेवटी मी एस्टी धरली आणि सांगलीला भाचीकडं गेलो. पोरगी आहारशास्त्र शिकलेली. म्हटलं, "बाई, टिनातल्या भाजीत काहीतरी खोट काढ."

ती म्हणाली, "मामा, त्यात मीठ असतं. पाणी काढून धुऊन घ्यावी."

गड जिंकल्यासारखा परत आलो. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुजा मटार धुऊन घ्यावा लागतोय!"

"व्हय, मी धुतोच," सुभेदार म्हणाला. "तुजं तेल धुता येतंय का?"

*

हेही मी गिळलं असतं. पण तो माझ्या घरात शिरला. बायकोनं फोडणीची पळी उचलून ठेवली आणि चमचा काढला. घाणेवाल्याच्या घरात कोरडी भाजी! विचारलं तर म्हणायची, "भावजी म्हणत्यात." अठ्ठावीस वर्षांत या बाईनं माझं एक ऐकलं नाही, आणि याचं सगळं पाठ! लय लागलं मनाला.

परवा सुभेदाराची बायको माहेरी गेली, म्हणून हिनं त्याला दुपारी जेवायला बोलावलं. म्हटलं बरं झालं, खाऊ दे त्यालाही कोरडं.

बघतो तर काय, भरली वांगी करडीच्या तेलात नुसती पोहत होती! पळी परत आली होती. ती भरभरून त्याच्या ताटात वाढत होती आणि माझ्या ताटात दोन वांगी, निथळून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "काय सुभेदार, शंभर कॅलरीला किती वांगी बसत्यात?"

त्याचा घास हातातच राहिला.

"मोजू नगंस रं. अठ्ठावीस वर्षं मोजल्यात. वर बर्फात टिन फोडायचा, गरम करायचा, खायचा. वाचायला दुसरं काय नसायचं, म्हणून लेबल वाचायचो." त्यानं वांग्याकडं बघितलं. "तू रोज ह्ये खात हुतास व्हय?"

मी हळूच ताट पुढं सरकवलं. "आगं, मला पण वाढ की जरा."

बायकोनं पळी सुभेदाराच्या ताटात रिकामी केली.

"आवं, तुमची झाली की अठ्ठावीस वर्षं खाऊन!"