बाजार ते बाजार, पाय न टेकता

नव्वदच्या दशकात आमच्याकडे सायकलवाले यायचे. जवळा बाजार या आमच्या गावच्या पटांगणात खांब रोवायचा, त्याला भोंगा बांधायचा आणि त्या खांबाभोवती हा माणूस रात्रंदिवस सायकल फिरवायचा. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळसुद्धा सायकलवर. लोक चालत्या माणसावर घागर ओतायचे. पाय जमिनीला टेकला की खेळ संपला. एका वर्षी असाच एकजण येऊन गेला आणि त्याच्यामागे मंडळाच्या पोरांच्या डोक्यात भरलं की हे आपल्या गावच्या माणसानं करून दाखवायचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण काय, तर मी टेलर. दिवसभर पायानं मशीन मारतो, त्याला सायकलीचं काय अवघड, असा त्यांचा साधा हिशेब. मशीनचा पायटा घोट्यानं हलतो आणि सायकलीला मांडी लागते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही आलं. चारचौघांनी कौतुक केलं की मी लगेच फुगतो, ही खोड अजून गेलेली नाही.

ठरलं असं, की या आठवडी बाजारच्या संध्याकाळी सायकलीवर बसायचं आणि पुढच्या बाजारच्या संध्याकाळी उतरायचं. सायकल दूधवाल्याची होती, डबल दांडीची. कॅन लावून लावून तिचं हँडल डावीकडे कललेलं होतं, पण रिंगण डावीकडेच वळायचं असल्यानं ते उलट बरंच पडेल असं सगळ्यांचं मत पडलं. बायकोनं सीटवर गोधडीची घडी शिवून दिली. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दुकानाचं सगळं काजबटण ती घरी करायची. जाऊ नका असं ती म्हणाली नाही, फक्त आलेले कपडे कधी द्यायचे एवढं विचारलं. ते मला जरा लागलंच.

सुरुवातीला मजा आली. पोरं शिट्ट्या मारत होती, शेजारच्या तांड्यावरून बाया बघायला आल्या होत्या, भोंग्यावर माझं नाव गाजत होतं. मग बूड सोललं. खोबरेल तेलात हळद कालवून लावायची वेळ आली, तेव्हा दोन माणसं दोन्ही बाजूंनी चादर धरून माझ्याबरोबर धावायची. बाकीच्या विधींनाही तीच चादर. ती माणसं अजून हयात आहेत आणि भेटली की हसतात, म्हणून जास्त लिहीत नाही.

घात केला तो मायेनं. धूळ माझ्या नाकातोंडात जाते म्हणून गल्लीतल्या बायकांनी एके दिवशी सकाळी सकाळी रिंगणात सडा टाकला, तोही सढळ हातानं. चिखलात चाक घसरलं. मी डाव्या हातावर सगळा भार घेऊन कसाबसा सावरलो, पाय काही टेकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी चालता चालता कुणीतरी चहाचा ग्लास डाव्या हातात दिला आणि मला कळलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोघांना ग्लास गरम लागत नाही.

भीती तिथून सुरू झाली. आधी वाटलं, हात अवघडला असेल. हात झटकला, मांडीवर आपटला, बोटं तोंडात धरून चावली. दाताला बोट लागत होतं, बोटाला दात लागत नव्हता. प्रत्येक फेरीला एकदा अंगठा करंगळीला लावून बघायचो. ज्याचं पोट शिवणावर आहे त्याला डावा हात म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगून समजायचं नाही. उजवा हात चाक फिरवतो, कापड सगळं डावाच नेतो. सुईखाली घडी तोच धरतो. त्या हाताला कापड कळलं नाही तर माझ्याकडे दुसरं काय होतं? शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. रात्री मान छातीवर पडायची आणि दचकून जाग यायची, ती पडायच्या भीतीनं नाही. झोपेत बोटं आणखी मेली असतील या भीतीनं.

तरी मी उतरलो नाही. मंडळाच्या पोरांनी भोंग्यावरून आसपासच्या गावांना शब्द दिला होता. मी मध्येच पाय टेकला असता तर बाजारात जन्मभर टेकलेला टेलर म्हणूनच ओळखला गेलो असतो. असं दोन्हीकडून भ्यायलेला माणूस काहीच करत नाही, तो गोल फिरत राहतो.

बाजारचा दिवस उजाडला. दुपारी भाकरी खाताना तुकडा डाव्या हातातून गळून पडला. मला तो गळल्याचं कळलंच नाही, खाली बघितल्यावर दिसला. बायको पटांगणासमोरच्या आमच्या घराच्या दारातून बघत होती. एवढे दिवस ती शेजारणीकरवी जेवण पाठवायची, नव्या सुनेनं भरबाजारात यायची रीत नव्हती. आता ती डोक्यावरचा पदर सावरत सरळ रिंगणात शिरली आणि माझ्या सायकलीबरोबर चालायला लागली.

"डावा हात दाखवा," ती म्हणाली.

मी म्हणालो, आता दिवस मावळायला किती राहिलाय, उतरल्यावर दाखवतो. ती चालतच राहिली. एक पूर्ण फेरी ती हँडलवरच्या माझ्या हाताकडेच बघत होती.

"भेव वाटून राहिलं का तुमाला?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, पाय दुखतात का, झोप येते का. मी हो म्हणालो. ते तोंडातून बाहेर पडलं आणि माझा पाय आपोआप खाली गेला.

कुणाचंच लक्ष नव्हतं. अर्धा बाजार मिरच्या निवडण्यात गुंतला होता. भोंग्याजवळचा पोऱ्या माझ्याकडे पाठ करून बसला होता आणि आपला टेलर अजून थांबायचं नाव घेत नाही, बघायला या, असं ओरडून सांगत होता. मी त्याच्या मागे जमिनीवर उभा होतो. मग मी खालीच बसलो.

पुढे वसमतच्या डॉक्टरांनी सांगितलं की हँडलवर दाबून दाबून नस चेपली आहे, हळूहळू येईल. आली, पण पुढची दिवाळी जवळ येईपर्यंत वाट बघायला लावली. त्या दुपारी मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी चिखल वाळलेल्या मातीत डोळे गच्च मिटून बसलो होतो आणि हात तिच्यापुढे केला होता. बघायचा धीर नव्हता. तिनं विचारलं, करंगळी दाबली तर कळतं का.

"कळतं," मी म्हणालो. "दुखतं थोडं."



"म्या अजून हात लावलाच न्हाई," ती म्हणाली.