चालू संयंत्रांचा तक्ता

अब्बा गवंडी होते आणि चाचा त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते. नव्वदच्या पुढच्या वर्षांत शिरोळ भागात सरकारी अनुदानावर गोबरगॅस बांधायची लाट आली, तेव्हा या दोघा भावांना उसंत नव्हती. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विटांचा हौद आणि वर घुमट. खालून कसलाही टेकू न देता विटेला वीट चिकटवत घुमट मिटवणं सगळ्यांना जमत नसे. चाचांना जमायचं. घुमट वाळला की ते त्यावर चढून उड्या मारून दाखवायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "वैनी, आता फुकणी टाका इहिरीत."

मी बारावीनंतर टायपिंग शिकून तालुक्याच्या सरकारी कचेरीत रोजंदारीवर लागले होते. संयंत्रांचा महिन्याचा तक्ता मीच टाईप करायची. मंजूर किती, पूर्ण किती, चालू किती. 'बंद' असा रकाना त्यात नव्हता. मी एकदा साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "वर कुणी मागत न्हाय, आपण कशाला दाखवायचं?" मला ते पटलंही होतं, हे आता लिहून टाकते.

एकदा मार्चच्या तोंडावर दिल्लीहून पाहुणे येणार असं कळलं. बरोबर परदेशातली माणसंही होती. शेणावर चालणारी खेडी त्यांना बघायची होती. साहेबांनी डांबरी रस्त्यालगतच्या एका शेतकऱ्याचा गोबरगॅस निवडला, कारण गाडी थेट दारात जात होती. तो दोन महिने बंद होता. तळाला गाळ बसला होता आणि आत उतरून काढल्याशिवाय इलाज नव्हता.

निरोप घेऊन घरी मीच आले. अब्बा म्हणाले, "आठ दिवस झाकण उघडं ठेवायला सांग. मग पाटीत कोंबडी घालून सोडायची. ती जित्ती वर आली तर माणूस उतरंल."

"पाहुणे परवा येणार आहेत," मी म्हणाले. "साहेब म्हणतात, उद्या झालंच पाहिजे."

"मग साहेबाला उतरू दे की."

अब्बा हात धुवायला उठले. चाचा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तू गप बस. मी जातो सकाळी. तुझं कायम व्हायचंय अजून."

मी नको म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा उतरले. त्यांनी गाळाच्या दोन बादल्या वर दिल्या. तिसऱ्या वेळी शेतकऱ्यानं दोर हलवला, तर खालून उत्तर आलं नाही. चाचांच्या कमरेला दुसरा दोर बांधला होता म्हणून त्यांना बाहेर तरी काढता आलं. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी टेम्पोतच बघितलं आणि मान हलवली.

पाहुण्यांना चार मैलांवरचा दुसरा गोबरगॅस दाखवला. त्यावर केलेला चहा ते प्यायले आणि निळ्या ज्योतीचे फोटो काढून गेले, असं मला शिपायानं सांगितलं. दफनानंतर पाचव्या दिवशी मी कामावर गेले. मार्चचा तक्ता अडला होता. मी साहेबांना विचारलं, "ते संयंत्र कशात धरायचं?" ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "चालू." मी चालूत धरलं.

पुढच्या आठवड्यात चाची कचेरीत आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की मयत इसम खात्याचा कामगार नव्हता, त्याला घरमालकानं बोलावलं होतं. मी सहा फुटांवर टाईपरायटरपुढं बसले होते. बोलावणं कुणी पोचवलं, हे मला बोलता आलं असतं. चाची माझ्याकडं न बघता उठली आणि निघून गेली.

अब्बांनी पुन्हा घुमट बांधला नाही. कोल्हापुरात फ्लॅटच्या भिंतींना गिलावा करत राहिले. मी पुढच्या वर्षी कायम झाले.

दहाएक वर्षांनी कचेरीनं मला कोल्हापुरात एका कार्यशाळेला पाठवलं. पुण्याचे वक्ते सांगत होते की उद्या जगाची अर्थव्यवस्था ऊन, वारा, शेण आणि उसाच्या चिपाडावर उभी राहील आणि आपल्या खेड्यांनी जगाला वाट दाखवली आहे. पडद्यावर तालुक्यांचे आकडे आले. आमचा आकडा मी लगेच ओळखला. "कुणाला काही विचारायचंय?" असं ते म्हणाले, तेव्हा मी वही मिटली. दुपारी जेवणात जिलेबी होती. मी दोनदा घेतली.

परतताना मात्र मी घरी न जाता चाचीकडं उतरले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "चाची, तो गोबरगॅस तक्त्यात चालू म्हणून मीच टाईप केला होता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "निरोप कुणी आणला, ते बी ठावं हाय."

तिनं एक खडा वेचून अंगणात फेकला.

"सहाची बस गेली की मग काय न्हाय," ती म्हणाली. "नीघ आता."